छत्तीस चौकोन

वहिनींनी ओट्याखालचा पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि फरशीवर पालथा केला. बिस्किटांचा तो डबा म्हणजे गेल्या चौदा वर्षांचं त्यांचं दप्तर. विजेची बिलं, लेकीच्या फीच्या पावत्या, पतसंस्थेच्या पिग्मीचं पासबुक, हप्ते भरल्याच्या चिठ्ठ्या, सगळं वर्षावर्षाचं रबर लावून बांधलेलं. समोर दादा मांडी घालून बसला होता. त्याच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेले चौदा कागद होते. गेल्या वर्षीचा मे महिना. डोंबिवली पूर्वेतल्या त्या भाड्याच्या घरात रात्री साडेदहाला आम्ही तिघं दादाचा सिबिलचा अहवाल वाचायला बसलो होतो.

कागदावर प्रत्येक कर्जाखाली बारीक चौकोनांच्या ओळी होत्या. एक चौकोन म्हणजे एक महिना, असे छत्तीस. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात तीन शून्यं. महिनाभर थकला असेल तर ०३०, दोन महिने थकला तर ०६१. दादा क्रेडिट कार्डाच्या ओळीवर बोट ठेवून वाचत होता आणि महिना ऐकला की वहिनी सांगत होत्या.

"डिसेंबर वीस."

"तेव्हा पगार अर्धा येत होता."

"फेब्रुवारी एकवीस."

"आईंचं ऑपरेशन."

कागदाला फक्त दिवसांची मोजदाद ठाऊक होती. त्यामागचं घर वहिनींना ठाऊक होतं.

दादा माझा चुलतभाऊ. अंबरनाथच्या एमआयडीसीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यात पाच घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार संपत आला की वहिनी पुठ्ठ्याची खोकी जमवायला लागतात. त्या गुढीपाडव्याला दोघांनी बदलापूरला एक वन बीएचके पाहिला. किंमत अडतीस लाख. एक्कावन्न हजार टोकन दिलं, पेढे वाटले. आठ लाख गाठीला होते, तीस लाखांचं कर्ज काढायचं होतं. तीन आठवड्यांनी बँकेतून निरोप आला, "सिबिल बसत नाही." स्कोअर होता ६११. दादाने ही गोष्ट नऊ दिवस घरात सांगितली नाही. रोज कामावरून यायचा, जेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

ते नऊ दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. हा लेख लिहिताना कर्ज नाकारलं गेलेल्या अनेकांशी बोललो, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत असे नऊ दिवस, नाहीतर नऊ महिने होते. "आपलं सिबिल खराब आहे" हे माणसं एखाद्या लपवायच्या आजारासारखं सांगतात. अहवाल उघडून पाहिलेले फार थोडे.

सावकाराच्या वहीपासून

पत हा आपला जुना शब्द. वाण्याच्या दुकानात उधारीची वही असायची, सावकाराकडे खतावणी असायची, आणि गावात कोणाची पत किती हे चावडीवर ठाऊक असायचं. त्या व्यवस्थेत लुबाडणूक होती, जातपात होती, पिढ्यान् पिढ्या न फिटणारी कर्जं होती. तिचं गुणगान करायचं काही कारण नाही. पण एक गोष्ट होती. पाऊस पडला नाही हे वही लिहिणाऱ्यालाही माहीत असायचं.

पगारदार माणसाने तरुणपणी कर्ज काढून घर घ्यायचं ही आपल्याकडची रीत तशी अलीकडची. १९७७ मध्ये मुंबईत हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी उभी केली, त्याआधी मध्यमवर्गीय माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळच्या फंडातून आणि ग्रॅच्युइटीतून घर बांधायचा. कर्ज देणं वाढलं, तशी अनोळखी माणसाची पत ओळखण्याची गरज वाढली. सिद्दीकी समितीच्या शिफारशीवरून ऑगस्ट २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द झाला सिबिल. २००५ मध्ये अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण मात्र चौघींना मिळून सिबिलच म्हणतो.

या कंपन्या कर्ज देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. बँका आणि वित्तसंस्था त्यांना प्रत्येक कर्जदाराचा हिशेब पाठवतात, त्यावरून ३०० ते ९०० मधला आकडा निघतो. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जव्यवहार किती जुना आहे, तारणाची आणि बिनतारणाची कर्जं कोणती, अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं, हे त्या आकड्यामागचे घटक. इतक्या स्कोअरखाली घरकर्ज देऊ नका असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपली रेषा आपण आखते. साडेसातशेच्या वर असलेल्याला सहसा सोपं जातं. खाली असलेल्याला नकार मिळतो, नाहीतर व्याज चढतं. तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर आठऐवजी नऊ टक्के व्याज लागलं, तर हप्ता सुमारे १,९०० रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत साडेचार लाखांहून जास्त रक्कम जाते. दादा-वहिनींनी चौदा वर्षांत साठवलेल्या पैशाच्या निम्म्याहून अधिक.

खोटा डाग

त्या रात्री वाचता वाचता तीन गोष्टी सापडल्या, चौथी नंतर. पहिली पाहून वहिनी उसळल्याच. २०१८ मध्ये दुकानातच हप्त्यांवर घेतलेल्या टीव्हीचं कर्ज. ते २०१९ मध्येच फिटलं होतं, पण अहवालात अजून चालू होतं आणि २,१५० रुपये थकीत दिसत होते. शेवटचा हप्ता जमा झाल्याची नोंदच झालेली नव्हती.

वहिनींनी २०१९ चा गठ्ठा सोडवला. पावती निघाली, पण पूर्ण कोरी. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई पाच वर्षांत उडून गेली होती. दादाचा चेहरा उतरला. वहिनींनी कागद उलटा केला. मागे बॉलपेनने त्यांच्या हाताने लिहिलेलं होतं: तारीख, रक्कम, पावती क्रमांक, आणि खाली "टीव्ही संपला".

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑनलाइन तक्रार नोंदवली. त्याला पैसे पडत नाहीत. पतमाहिती कंपनी स्वतः होऊन नोंद बदलू शकत नाही; तिला कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारावं लागतं. म्हणून तिकडे आणि वित्तसंस्थेकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज केला आणि पावती क्रमांक लिहिला. इथे एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. २६ एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर तक्रारदाराला पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. त्या तीस दिवसांतले पहिले एकवीस कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. त्यालाही शुल्क नाही.

चोविसाव्या दिवशी मेसेज आला. पावती क्रमांकावरून नोंद सापडली होती, कर्ज बंद झालं होतं. पाच वर्षं दादाच्या नावावर असलेला डाग त्याचा नव्हताच. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळण्याची सोय जानेवारी २०१७ पासून आहे. तो एकदा जरी उघडला असता, तरी हे पाडव्याच्या पेढ्यांआधी कळलं असतं. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होतो ही समजूत अजून खूप ठिकाणी आहे. तसं काही होत नाही.

खरा डाग

दुसरी नोंद खरी होती. क्रेडिट कार्ड. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली होती, पण व्याज थांबलेलं नव्हतं. सवलत संपली तेव्हा पगार अर्धा होता. दादाने बिलावर लिहिलेली किमान रक्कम भरायला सुरुवात केली. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल हलत नाही. पुढे तेही जमेना. थकबाकी चौऱ्याऐंशी हजारांवर गेल्यावर वसुलीवाल्याने सांगितलं, शेहेचाळीस हजार भरा, विषय मिटवा. दादाने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून ते भरले आणि विषय मिटला असं समजला.

अहवालात त्या खात्यापुढे लिहिलं होतं, सेटल्ड.

आपल्या बोलण्यात सेटल झालं म्हणजे मिटलं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, उरलेले आम्ही सोडले. पुढचा कर्ज देणारा तो शब्द वाचतो आणि हात आखडता घेतो. तडजोड करणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. जिथे माणूस बुडतोय तिथे तोच एक दोर असतो. पण सही करण्याआधी या शब्दाचा अर्थ त्याला कोणी तरी सांगायला हवा. दादाला कोणी सांगितला नाही.

ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मार्ग सांगितला. बँकेला लेखी विचारा की सोडलेली रक्कम आता भरली तर खातं पूर्ण फेडलेलं म्हणून नोंदवाल का. पैसे आधी भरू नका, उत्तर लेखी येऊ द्या. आणि खातं दरम्यान एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं असेल तर मूळ बँकेकडे खेटे घालून उपयोग नाही, त्या कंपनीकडे जा. दादाचं खातं बँकेकडेच होतं. दोन महिने, तीन अर्ज आणि एक रजा खर्ची पडल्यावर पत्र आलं: अडतीस हजार भरा, त्यावरचं व्याज घेणार नाही.

घरासाठी साठवलेल्या पैशातून ते काढायचे होते. दादा म्हणाला, "सोडलेले पैसे कोणी परत भरतं का?" वहिनींनी एवढंच विचारलं, "घेतले होते ना आपण?" तिसऱ्या दिवशी पैसे भरले. ना देय प्रमाणपत्र आलं, ते डब्यात गेलं. या वेळी झेरॉक्स काढून. दीड महिन्याने अहवालातला शब्द बदलला. सगळ्या बँका असं करतीलच असं नाही. पण विचारल्याशिवाय कोणीच करत नाही.

जामीन

तिसरी गोष्ट अहवालातली सगळ्यात अवघड होती, कारण तिथे पैशापेक्षा मैत्रीचा प्रश्न होता. कल्याणच्या एका मित्राला दादा २०२२ मध्ये जामीन राहिला होता. आपल्याकडे जामीन राहणं हा शब्द टाकण्याचा आणि राखण्याचा भाग असतो. चहा पिता पिता कागद पुढे येतो, आणि नाही म्हणणं म्हणजे मित्राला चोर म्हटल्यासारखं वाटतं. दादाने सही केली. मित्राचे तीन हप्ते चुकले आणि ते चौकोन दादाच्या अहवालात उमटले.

१८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम याबाबत अगदी स्पष्ट आहे: करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, मग आपल्याकडे यावं, असा क्रम कायद्यात नाही. आणि आपल्याला नको झालं म्हणून चालू कर्जाच्या जामिनातून बाहेरही पडता येत नाही. बँक मान्य करेल असा दुसरा जामीनदार द्यावा लागतो.

"सही करताना मला विचारलं होतं का?" वहिनींनी विचारलं. दादा काही बोलला नाही.

एका रविवारी आम्ही कल्याणला गेलो. मित्राची रिक्षा दुरुस्तीला पडली होती, दोन महिने धंदा नव्हता. त्याच्या बायकोने चहा आणला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. दादाने अहवाल काढून चौकोन दाखवले. "तुझा हप्ता इथे लिहिला जातो," एवढंच म्हणाला. मित्राला हे ठाऊकच नव्हतं. आपला हप्ता चुकला की आपलीच पत जाते, असं तो धरून चालला होता. दोन हप्ते त्याने भावाकडून घेऊन भरले, एक दादाने भरला. पुढचे हप्ते रिक्षाचे पैसे जमा होतात त्या खात्यातून थेट कापले जातील, अशी व्यवस्था लावली. मैत्री टिकली. पण माझी वाचकांना मनापासून विनंती आहे, जामिनाच्या कागदावर सही करताना ते कर्ज आपणच काढतोय असं समजून, घरात विचारून करा.

न दिसणारी पत

चौथी गोष्ट दादाच्या अहवालात नव्हती. सहकर्जदार म्हणून वहिनींचं नाव घालावं असं त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी सुचवलं, म्हणून त्यांचाही अहवाल काढला. त्या घरून डबे करून देतात, महिन्याला पंधरा-सोळा हजार मिळवतात. त्यांच्या स्कोअरच्या जागी उणे एक लिहिलं होतं. म्हणजे वाईट काही नाही, चांगलंही काही नाही, इतिहासच नाही.

मला ते पान बघवेना. नऊ वर्षं त्यांनी भिशी चालवली, एकदाही कोणाचा पैसा उशिरा दिला नाही. पतसंस्थेकडून दोनदा कर्ज घेऊन मुदतीआधी फेडलं. त्या घरातला सगळ्यात चोख हिशेब त्यांचा. पण भिशीची नोंद कुठे जात नाही आणि त्यांच्या पतसंस्थेचे व्यवहारही या कंपन्यांपर्यंत पोचलेले नव्हते. महाराष्ट्रात लाखो बायका असा व्यवहार रोज करतात. त्यांचा चोखपणा गल्लीला ठाऊक आहे, बँकेला नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं आहे. ते शाखेतल्या टेबलापर्यंत पोचायला हवं.

वहिनींनी वीस हजारांची मुदत ठेव केली आणि तिच्या तारणावर कार्ड घेतलं. अशा कार्डाला जुना इतिहास लागत नाही, म्हणून शून्यातून सुरुवात करणाऱ्याला आणि पडलेल्याला ते उपयोगी पडतं. महिन्याचं वीजबिल तेवढं त्यावर भरायचं आणि बिल आलं की पूर्ण रक्कम लगेच चुकती करायची. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहायचं. दुसरं काही घ्यायचं नाही.

पुसून देणारे

या काळात दादाच्या फोनवर आणि स्टेशनबाहेरच्या खांबांवर एकच जाहिरात दिसत होती: सिबिल सुधारून मिळेल. ठाण्यातल्या एकाने पंधरा हजार मागितले, वर पॅनकार्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. पंधरा दिवसांत सगळं पुसतो म्हणाला. खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. या दोन वाक्यांत त्या धंद्याचा निकाल लागतो. तरी माणसं जातात, कारण तिथे कोणी विचारत नाही की हप्ते का थकले. लाजेवर चालणारा धंदा आहे तो.

दुसरं नुकसान नकळत होतं. पहिल्या नकारानंतर एका एजंटाने दादाचा अर्ज दोन आठवड्यांत सहा ठिकाणी टाकला होता. प्रत्येक अर्जामागे बँक अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. एकापाठोपाठ सहा चौकशा दिसल्या की सातवा विचार करतो, याला पैशाची इतकी नड का आहे. अधिकाऱ्यांनी सांगितलं, आता वर्षभर कुठेही अर्ज करू नका. मोबाइलवरच्या अॅपमधून घेतलेलं पाच-दहा हजारांचं कर्जही नोंदवलं जातं, तेही नको.

थांबणं

दुरुस्तीचा सगळ्यात मोठा भाग हा थांबण्याचा होता. खोटं होतं ते खोडलं, देणं होतं ते दिलं, त्यानंतर हातात फक्त महिने उरले. दर महिन्याला ओळीत एक नवा चौकोन येतो आणि सगळ्यात जुना मागे पडतो. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे चांगलं वागणं पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागलं, आणि चूकही. दादाने बाइकच्या हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेतली. स्कोअर सहाशे चाळीस झाला, मग तिथेच दोन महिने अडला, मग सहाशे नव्वद. बदलापूरचा तो फ्लॅट हातचा गेला. मालकाने टोकनमधले दहा हजार कापून बाकी परत दिले. मधल्या काळात एक भाड्याचं घरही बदललं, सहावं.

या ऑगस्टमध्ये दादाचा स्कोअर ७४८ झाला. वहिनींचाही आकडा पहिल्यांदा दिसला, ७६१. तो कागद त्या बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. बदलापूरलाच, जरा जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, चौतीस लाखांचं घर ठरलं. सत्तावीस लाखांचं कर्ज दोघांच्या नावावर मंजूर झालं. दसऱ्याच्या आधी नोंदणी झाली.

परवा फराळाचं द्यायला त्या नव्या घरी गेलो. खोकी अजून सोडलेली नव्हती, पण डबा ओट्याखाली गेला होता. त्यात सगळ्यात वर लेकीच्या गणिताच्या वहीतलं एक पान होतं. पट्टीने आखलेले बारा चौकोन, अशा वीस ओळी.

"दोनशे चाळीस आहेत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

पहिला चौकोन ५ नोव्हेंबरचा आहे. पगार १ तारखेला होतो.